तपासलं आहे

मंगळवार, ता. ४

धाकटे,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. तुझा नंबर लागत नाही, स्टेटसला तुझा फोटो नाही, बाकी जिथे जिथे तू दिसायचीस तिथून नाव काढून टाकलंस. राहिला पत्ता. तो माझ्या वहीत होता. पाकीट वीजबिलाचं आहे, उलटं करून पुन्हा चिकटवलंय. हसू नकोस. नाही, हसलीस तरी चालेल.

आपल्या जावयांचा, तुझ्या यजमानांचा, हात कसा आहे? प्लास्टर मनगटापर्यंतच आहे की कोपरापर्यंत? उजवाच ना? जेवण कोण भरवतं? तू भरवत असशील. ते नको नको म्हणत असतील.

मला तुझ्या शेजारणीकडून कळलं ते एवढंच. बुधवारी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी चाळीस-पन्नास माणसं जमली आणि फोनवर फिरणाऱ्या एका मेसेजवरून, मुलं पळवणारा समजून जावयांना मारलं. पोरं ज्यांना गाडीकाका म्हणतात, त्यांना. पोलिसांनी त्याच संध्याकाळी सोडलं, कारण जिला पळवली म्हणत होते ती मुलगी तिच्या घरीच होती, तापाने झोपलेली. पण शाळेने गाडी बंद ठेवायला सांगितलीय आणि सतरा तारखेला समितीची बैठक आहे. तिथे ठरणार, त्यांनी पुन्हा मुलं न्यायची की नाहीत. एवढं बरोबर आहे ना?

तू त्या संध्याकाळी फोन केलास तेव्हा मी गप्प राहिले. तू म्हणालीस, "ताई, काहीतरी बोल." मी म्हणाले, "देव बघतोय," आणि ठेवला. गॅसवर दूध होतं. तुला वाटलं असेल, ताईला संशय आला. शपथेवर सांगते, जावयांचा संशय माझ्या मनाला शिवलाही नाही. त्यांना मी काय आजची ओळखते?

तो मेसेज मी नीट पाहिलाही नाही. ज्या कोणी तो पसरवला, त्याला देव बघून घेईल.

रोज दोन्ही वेळा तुमच्यासाठी प्रार्थना करते. उत्तर पाठव. आतमध्ये पोस्टाचं तिकीट ठेवलंय.

तुझी,
ताई

---

शनिवार, ता. ८

धाकटे,

चार दिवस झाले. पोस्टमन येतो, खालच्या डॉक्टरांना देतो, वरच्या मास्तरांना देतो, माझ्या दाराकडे बघतही नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, त्याच्याकडे असं बघतेस की एक दिवस तो स्वतःच पत्र लिहून टाकेल." यांना विनोद सुचतात. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन मला घासायचं.

तू फोन टाकून दिलास. मी तुला दोष देत नाही. तुझ्या नंबरावर लोकांनी काय काय पाठवलं ते शेजारणीने सांगितलं. सगळं सांगितलं नाही, पण तिचा आवाज ऐकला. तरी एक सांगू? मला फोनचा राग धरताही येत नाही. यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त मिळेना, तुला आठवतं ना. आमच्या प्रार्थना मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली आणि तासाभरात नऊ अनोळखी माणसं दवाखान्याच्या पायरीवर उभी. एक जण तर पीठगिरणीतून तसाच आला होता, भुवया पांढऱ्या. शेजारची शिंपीण, नवरा गेल्यावर कोपऱ्यात बसून राहिली होती. आज ती शिवलेल्या कपड्यांचे फोटो टाकते आणि तिला जेवायला फुरसत नसते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. या वयात मी जगाचा नकाशा बघते, औषधाचं नाव शोधते. हे खोटं कसं म्हणू?

आणि तू. तुझा रोजचा फोटो. कुंडीत आलेलं फूल, नवा पडदा, जावयांच्या डब्यावर पडलेलं ऊन. मी सकाळी उठले की आधी देव आणि मग तुझा फोटो. अंगठा दाबायचा, झालं, धाकटी सुखात आहे. त्या नादात तुला शेवटचा फोन कधी केला ते आठवत नाही. जावयांनी जुनी शाळा सोडली, दुसऱ्या शाळेची पांढरी गाडी घेतली, हे मला कुठे माहीत होतं? तू त्याचा फोटो टाकला नव्हतास. मी विचारलं नव्हतं. माहीत असतं तर "पांढरी गाडी, निळी टोपी, हा माणूस मुलं पळवतो, याआधी दोन शाळांतून काढलेला आहे, आज आणखी एक मुलगी उचलून नेली, आपापली मुलं सांभाळा" हे वाचून मी आधी तुलाच फोन केला असता.

खाली पुन्हा कुणी लिहिलं होतं म्हणे, "तपासलं आहे."

सतराला कोण कोण असणार? मुख्याध्यापिका कशा आहेत, ऐकून घेणाऱ्या आहेत का? जावयांना म्हणावं, सदरा पांढरा घालू नका, प्लास्टर जास्त दिसेल. किंवा घाला. दिसू दे.

ताई

---

बुधवार, ता. १२

धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, माझ्याच तिकिटावर तीन वाक्यं.

"ताई, पहिल्या पत्रात लिहितेस की मेसेज नीट पाहिलाच नाहीस. दुसऱ्या पत्रात तो तोंडपाठ लिहून काढतेस. तुला तो कुठून मिळाला?"

लहानपणापासून तू अशीच. मी साखरेचा डबा उघडला तर तू माझ्या तोंडाकडे नाही, हाताच्या बोटांकडे बघायचीस.

तर सांगते. शेजारच्या शिंपिणीने पाठवला. तिला तिच्या गिऱ्हाइकाने, त्या गिऱ्हाइकाला आणखी कुणी. त्या दिवशी तो सगळीकडेच फिरत होता, कुणाच्या फोनमध्ये नव्हता ते विचार. शिंपिणीला अक्कल नाही, आलं की ढकललं पुढे. तिला मी चांगलं सुनावलंय. आता एकेकाला धरून काय होणार? समितीपुढे खरं काय ते येईलच. देवावर भार टाक आणि

---

गुरुवार, ता. १३

वरचं पत्र काल अर्धंच सोडलं. फाडणार होते. मग वाटलं, फाडलं तर तुला कळणार नाही की मी कालपर्यंत कशी होते. म्हणून तेही याच पाकिटात घालते. कागद वाया जात नाही हेही आहे.

शिंपिणीला मी काही सुनावलेलं नाही. तिने तो मेसेज ग्रुपवर टाकलाच नव्हता. ती कात्री हातात घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, हे आलंय. खरं असेल का हो? पोरं आहेत शाळेत, पण खोटं असलं तर एखाद्याचं वाटोळं व्हायचं. तुम्हाला कळतं, तुम्ही बघा." असं म्हणाली ती. अक्कल नसलेली ती.

त्या बुधवारी दुपारचे साडेबारा. मी मंडळाच्या वहीचं महिन्याचं पान पुरं करत होते. तुला माहीत आहे, चार वर्षं तो हिशेब मी बघते आणि प्रत्येक पानाच्या तळाला लिहिते, "तपासले." त्याखाली सही. मंडळात चेष्टेने म्हणतात, ताईंनी तपासले म्हणजे देवाने तपासले. मी वरवर रागावते.

मी शिंपिणीला म्हणाले, बघते. तिचा मेसेज, सोबतच्या फोटोसकट, माझ्या फोनवर घेतला आणि ग्रुपवर टाकला. मुलं सांभाळा, बस, एवढ्याच बुद्धीने. एका मिनिटात एकीने विचारलं, "ताई, नक्की का?" मग दुसरीने. मग पाच जणींनी. धाकटे, त्या वेळी मला एवढंच लिहायचं होतं की मला ठाऊक नाही. तीन शब्दांचं काम. पण दोनशे बारा बायका माझ्याकडे बघत होत्या. मला ठाऊक नाही असं मी त्या ग्रुपवर कधी लिहिलंच नव्हतं. पेन हातात होतं, वही पुढ्यात होती, आणि बोटांनी सवयीने टाइप केलं, "तपासलं आहे."

काय तपासलं? काही नाही. ना शाळेत फोन केला, ना फोटो मोठा करून पाहिला.

मग हात जोडलेली चित्रं यायला लागली. "ताई, तुम्ही आहात म्हणून कळतं." "ताई, देव तुमचं भलं करो." मला बरं वाटलं. हेही लिहिते. मला इतकं बरं वाटलं की भात करपेपर्यंत मी फोन घेऊन बसले आणि एकेक चित्र मोजलं. घरात माझ्या कामाला कुणी हात जोडत नाही. यांनी कधी जोडले नाहीत, मी कधी मागितले नाहीत. तिथे ते न मागता मिळत होते.

त्यातल्याच एकीच्या सुनेने तो मेसेज त्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. साडेचारला फाटकाशी माणसं जमली.

तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, "ताई, यांना मारलं गं, मुलं पळवणारा म्हणून." गॅसवर दूध नव्हतं. गॅस बंद होता. तुझा फोन ठेवून मी तो फोटो मोठा करून पाहिला. पाठमोरा माणूस, खांद्यावर पोर, तिचा तळवा त्याच्या मानेवर. मान थोडी डावीकडे कललेली. तुझ्या लग्नात सगळ्या फोटोंत ती मान तशीच आहे. दुपारी मी एकदा, एकदाच, नीट पाहिलं असतं तर.

आणि मग मी तो मेसेज पुसला. देवापुढे बसायच्या आधी पुसला. माझ्या फोनमधून गेला. बाकीच्या फोनांतून कसा पुसणार होते?

यांना काल सांगितलं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "खाई त्याला खवखवे म्हणतात, तू आठ दिवस मेहुणीची चौकशी का करत होतीस ते आता कळलं." मी म्हणाले, सतराला मी समितीपुढे जाऊन सांगणार. तर म्हणाले, "तू स्वतःहून मान पुढे करणार? त्यांनी पोलिसांत दिलं तर? मंडळात तोंड काय दाखवशील? कुणाला माहीत आहे तूच ती?"

मी म्हणाले, "अहो, धाकटीला माहीत आहे. तिने अजून म्हटलं नाही एवढंच."

तुझ्या शेजारणीने सांगितलं की पालकांचा जो पुढारी आहे तो हेच धरून बसलाय: उगाच कशाला कोण लिहील, खात्रीच्या माणसाने तपासून लिहिलं होतं, दोन शाळांतून काढलेला आहे. आणि वर्गबाई म्हणतात, त्या तापातल्या मुलीला घरी न्यायला मी सांगितलंच नव्हतं. म्हणजे जावयांच्या विरुद्ध दोन गोष्टी आहेत. त्यातली एक मी आहे. ती मी काढून घेते. दुसरीचं काय करायचं ते मला कळत नाही.

आज दुपारी ग्रुपवर माझ्या आवाजात सगळं सांगितलं. लिहिलं नाही, लिहिलेलं कुणाचंही असतं. म्हणाले, तो माणूस निर्दोष आहे, मी काहीही तपासलं नव्हतं, तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, पण नसता तरी हेच सांगावं लागलं असतं. हे सगळीकडे पाठवा. त्या दिवशीचं कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

त्या बुधवारी तासाभरात दोनशे बारा जणींनी पाहिलं होतं आणि ते पुढे गेलंही होतं. आज संध्याकाळपर्यंत अकरा जणींनी ऐकलं. कानोकानी कळून चौदा जणी ग्रुप सोडून गेल्या. एकीने लिहिलं, "ताई, हे काढून टाका, मंडळाची शोभा होते." वही माझ्याकडून काढून घेतली आहे. ते योग्यच आहे.

तू मला क्षमा कर असं मी या पत्रात लिहिणार नाही.

ताई

---

मंगळवार, ता. १८

धाकटे,

काल शाळेच्या त्या लांब व्हरांड्यात आपण दोघी एका बाकावर बसलो, मध्ये तुझी पिशवी. तू पिशवी उचलली नाहीस, मीही सरकवली नाही. त्यामुळे तुला सगळं पुन्हा लिहिते. तू आत आली नव्हतीस, आणि जावई घरी जाऊन मोजकंच सांगणार.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी आत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बसून बोला." मी उभीच राहिले. त्या पुढाऱ्याने हात टेबलावर ठेवून विचारलं, "बाई, तुम्हीच लिहिलंत ना, तपासलं आहे?"

"हो."

"मग काय तपासलं होतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे? दोन शाळांतून काढल्याचं कुठून कळलं?"

"कळलं नाही. वाचलं आणि पुढे टाकलं. तुम्हाला कुठून कळलं होतं?"

त्याने टेबलावरचे हात काढून घेतले. मग म्हणाला, "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला."

"ठेवलात ना? मग आज पण ठेवा."

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. मागे कुणीतरी खाकरलं. मग तो खाली बघून म्हणाला, त्याची मुलगीही त्याच वर्गात आहे, तो फोटो पाहून त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मला त्याचा राग आला नाही. मलाही सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट शिंपिणीमुळे झाली. मला वाटत होतं माझा आवाज कुणी पुढे नेला नाही. तिने नेला. तिच्या गिऱ्हाइकांचे जेवढे ग्रुप आहेत, तेवढ्यांवर एकेक करून. वर घरोघरी फोन करून, "ऐकलंत का, शेवटपर्यंत ऐका" म्हणाली. त्यातून तो त्या तापाच्या मुलीच्या आईपर्यंत पोचला. ती नर्स आहे, कामावर होती. तिने पहिल्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की गाडीकाकांचा काही दोष नाही, तर तिलाच ग्रुपमधून काढलं, वर म्हणाले, हिला धमकावलं असेल. काल ती गणवेशातच आली. फोन मुख्याध्यापिकांच्या हातात दिला. वर्गबाईंचा निरोप, अकरा वाजून चाळीस मिनिटांचा: "तिला ताप आहे. गाडीकाकांबरोबर घरी पाठवते."

वर्गबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, नोकरी जाईल म्हणून घाबरले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आरशात बघितल्यासारखं वाटलं.

तर समितीने एकमताने लिहून दिलं की जावई निर्दोष आहेत, प्लास्टर निघालं की त्यांनी गाडी सुरू करावी. ते तुला कळलंच. जावई काय म्हणाले ते कळलं का? ते उठले, कागद घेतला, डाव्या हाताने, आणि म्हणाले, "आभारी आहे. पण मी गाडी चालवणार नाही. मुलं बसतील हो, मुलांचं काय. त्यांच्या आया खिडकीतून बघत राहतील, गाडी वळेपर्यंत. रोज. मला ते जमायचं नाही."

लिहून देऊन लोकांचे डोळे बदलत नाहीत.

बाहेर आल्यावर तू एवढंच विचारलंस, "देवाची माफी मागितलीस?" मी म्हणाले, मागितली. तू म्हणालीस, "ते सोपं असतं." आणि पिशवी उचलून निघालीस. जावई दारापाशी थांबले होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. ते म्हणाले, "ताई, हात खाली घ्या, लोक बघताहेत." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला रात्री जेवण गेलं असतं.

बसमध्ये परत येताना विचार केला. माझ्या शब्दाला किंमत होती तेव्हा मी तो फुकट उधळला. आता शब्दाला किंमत नाही, तर तो पाठवून काय उपयोग? फोनवर नाही, कागदावरही नाही. पण मी आहे अजून धडधाकट. दोन पाय आहेत.

प्लास्टर सतरा दिवसांनी निघणार असं जावयांनी समितीला सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसने मी निघते. सव्वासहाला तुझ्या दाराशी असेन. जावयांच्या गाडीत पुढच्या सीटवर मी बसणार. प्रत्येक मुलाच्या घरापाशी उतरणार, त्याच्या आईला सांगणार, "ती बाई मी. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं ते हे. तुमचं मूल मी यांच्या हवाली करते आहे आणि शेजारी बसते आहे." पहिल्या दिवशी दारं लागतील. दुसऱ्या दिवशीही लागतील. आया खिडकीतून बघायच्या थांबेपर्यंत मी रोज येईन. वर्ष लागलं तर वर्ष. यांना विचारलं. हे म्हणाले, "डबा मी करून घेईन, मीठ किती ते लिहून ठेव."

जावई नको म्हणतील. तू दार उघडणार नाहीस, हेही गृहीत धरलंय. नाही उघडलंस तर मी गाडीपाशी उभी राहीन. किल्ली त्यांच्याकडे आहे आणि ठरवायचं त्यांनी आहे. त्यांनी गाडी काढली नाही तर सातच्या बसने परत येईन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वासहाला.

उत्तर लिहू नकोस. तिकीट ठेवलेलं नाही.

ताई